सुरणाचा जपानी भाऊ आणि आपली मुडली

मंडळाच्या या पानावर आम्ही एरवी सणवार, शिमगा, जत्रा, जुन्या सुप्याच्या आठवणी असे विषय घेतो. या वेळचा विषय थोडा लांबचा वाटेल. जपान, तैवान, कोरिया या देशांनी उद्योगधंद्यात आणि तंत्रज्ञानात एवढी मजल कशी मारली? हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो. आपली मुले-मुली गोव्यातल्या कारखान्यांत, बेळगावच्या फौंड्रींत, बेंगळुरूच्या कंपन्यांत नोकरीला जातात आणि तिथल्या यंत्रांवर याच देशांची नावे वाचतात.

उत्तर बहुधा एकच मिळते: ‘ते लोक फार मेहनती.’ पण मेहनतीत आपले आईवडील कुठे कमी होते? काळी नदीवर धरण झाले, सुपे पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. ज्यांनी घरदार सोडून रामनगरला नव्याने संसार मांडले, त्यांना मेहनत कोणी शिकवायला नको होती. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवे. आम्ही ते एका कंदात शोधले आहे. कंदमुळे हा आपल्या जोयड्याचा विषय आहे, म्हणून ही गोष्ट वाचकांना परकी वाटणार नाही.

मोटारीच्या आधी माग होता

जपान म्हटले की मोटार आठवते, तैवान म्हटले की मोबाईलमधली चिप. पण जपानात मोटारीच्या आधी हातमाग होता आणि तैवानात चिपच्या आधी डब्यातली अळंबी होती.

साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७ सालचा, खेड्यातल्या सुताराच्या घरातला. गावातल्या बायका दिवसभर मागावर बसत आणि कापड थोडेच निघे. तोयोदांनी १८९० साली लाकडी माग असा सुधारला की धोटा एका हाताने पलीकडे जावा. पुढे १९२४ साली त्यांनी पूर्ण स्वयंचलित माग तयार केला. त्यात सूत तुटले की माग आपोआप थांबत असे, त्यामुळे कापड बिघडत नसे आणि एक कामगार कितीतरी माग सांभाळू शकत असे. याच मागाच्या कारखान्यात त्यांचा मुलगा किइचिरो याने १९३३ साली मोटारींचा विभाग काढला. आजची टोयोटा कंपनी ती हीच.

आता आपल्या शेजारी पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. म्हणजे तोयोदांपेक्षा ते दोनच वर्षांनी लहान. १८८८ साली बेळगावात किर्लोस्करांचे सायकलचे दुकान निघाले. मग कडबा कापायचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा अनेक शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला नांगर विकणे हेच मोठे काम होते. १९१० साली औंध संस्थानात जागा मिळाली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९९७ साली बेंगळुरूजवळ बिडदी इथे टोयोटा आणि किर्लोस्कर या दोन घराण्यांच्या कंपन्यांनी मिळून मोटारींची कंपनी काढली. एक वाट मागापासून निघाली होती, दुसरी नांगरापासून. दोन्ही आपल्याच राज्यात येऊन मिळाल्या.

परदेशी यंत्रे दोघांनीही बारकाईने पाहिली होती, हे खरे. पण सुरुवात कुठून केली? आजूबाजूची माणसे जे काम रोज करतात, त्यातली एक अडचण दोघांनी धरली आणि तिच्यावर अवजार शोधले. पूर्व आशियाच्या प्रगतीचे हे पहिले पान आहे आणि ते वाचायला मोठ्या शहरात जावे लागत नाही.

न कुजणारा कंद

जपानी लोक कोन्याकू नावाचा एक पदार्थ आवडीने खातात. करड्या रंगाची, थलथलीत, वडीसारखी ही वस्तू ज्या कंदापासून होते, तो आपल्या सुरणाचा अगदी जवळचा नातलग. वनस्पतिशास्त्रात दोघे अमॉर्फोफॅलस या एकाच वंशातले. पान आणि दांडा पाहिला तर आपली आजी त्याला सुरणच म्हणेल. कच्चा खाल्ला तर घशाला खाज सुटते, तीही सुरणासारखीच.

या कंदाची एक मोठी अडचण होती. तो ओला आणि जड, आणि थंडी लागली की कुजायचा. शेतकरी ताजा कंद शिजवून वाटत, त्यात चुन्याचे किंवा राखेचे पाणी घालून वड्या करत. त्यामुळे हा पदार्थ हंगामापुरता आणि आसपासच्या गावांपुरताच राहिला होता. कंद दूर न्यायचा तर ओझ्यातले बहुतेक वजन पाण्याचे, आणि पोचेपर्यंत निम्मा माल नासलेला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आजच्या इबाराकी प्रांतातल्या डोंगराळ गावात, नाकाजिमा तोएमोन नावाच्या शेतकऱ्याने यावर उपाय शोधला. तिकडे सांगतात ते असे. कुदळ लागून कापला गेलेला एक कंद त्याला शेतात पडलेला दिसला. कापलेली बाजू कुजली नव्हती, उलट वाळून पांढरी पडली होती. त्याने कंदाच्या चकत्या करून काड्यांना ओवल्या, उन्हात वाळवल्या, कुटल्या आणि पूड केली. पुढे हे कुटण्याचे काम पाणचक्कीवर होऊ लागले. कुटताना एक गोष्ट ध्यानात आली: पिठुळ भाग हलका असतो, तो वाऱ्याने उडतो, वडीला चिकटपणा देणारे कण जड असतात, ते खाली राहतात. म्हणजे आपण सुपाने पाखडतो त्याच तत्त्वावर त्यांनी चांगली पूड वेगळी काढली. ही पूड वर्षभर टिकू लागली आणि घोड्यावर लादून कुठेही जाऊ लागली.

गोष्ट इथे संपली असती तर फक्त एका हुशार शेतकऱ्याची कथा झाली असती. पण त्या भागात राज्य करणाऱ्या मितो संस्थानाने या पुडीसाठी खरेदी-विक्रीची खास पेढी उभारली. माल एका ठिकाणी गोळा होऊ लागला आणि मोठ्या शहरांत विकला जाऊ लागला. डोंगरातल्या गरीब गावांत पैसा आला. तोएमोनच्या नावाचे एक देऊळ आजही त्या भागात आहे. शोध लावणाऱ्या शेतकऱ्याला देव करणारी माणसे, असे म्हणायला हरकत नाही.

या गोष्टीत तीन पायऱ्या आहेत. पहिली, कोणीतरी नीट पाहिले. दुसरी, पाहिलेल्यातून कृती आणि अवजार तयार झाले. तिसरी, माल विकण्याची व्यवस्था झाली. यातली एक पायरी जरी निखळली असती तरी कंद शेतातच कुजला असता.

एक गाव, एक वस्तू

ही पद्धत जुन्या काळापुरती राहिली नाही. क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतात ओयामा नावाचे डोंगरातले छोटे गाव आहे. जमीन उताराची, भातशेती बेताची, घरटी वावर थोडे. १९६० च्या आसपास जपान सरकार सगळीकडे ‘भात वाढवा’ म्हणत होते. ओयामाचे प्रमुख हारुमी याहाता हे गावाचे कारभारी आणि शेतकी सोसायटीचेही अध्यक्ष होते. त्यांनी उलटी वाट धरली. १९६१ साली त्यांनी गावाला सांगितले, भात सोडा, आलुबुखारासारखी ‘उमे’ची झाडे आणि चेस्टनट लावा. घोषणा होती: ‘उमे आणि चेस्टनट लावू, हवाईला जाऊ!’ गरीब गावाला परदेशवारीचे स्वप्न दाखवणारी ही घोषणा तेव्हा अनेकांना चेष्टाच वाटली असेल. पण काही वर्षांत गावकऱ्यांची पहिली तुकडी खरोखरच हवाईला जाऊन आली.

पुढे ओयामाने अळंबी घेतली. अळंबीचे बियाणे तयार करणे हे किचकट, स्वच्छतेचे काम. एकेका घराला ते झेपत नाही. ते सोसायटीने आपल्या केंद्रात करायचे आणि वाढवण्याचे काम घरोघरी करायचे, अशी वाटणी झाली. १९९० साली सोसायटीने स्वतःचे विक्री केंद्र काढले. तिथे शेतकरी आपला माल आपणच लावतो, त्यावर आपले नाव आणि दर आपणच लिहितो. गिऱ्हाईक मालाबरोबर नावही वाचते, त्यामुळे वाईट माल ठेवायची सोय उरत नाही.

ओयामासारखी गावे पाहूनच ओइताचे राज्यपाल मोरिहिको हिरामात्सु यांनी १९७९ साली ‘एक गाव, एक वस्तू’ ही चळवळ सुरू केली. हे गृहस्थ आधी केंद्र सरकारच्या उद्योग खात्यात होते आणि तिथे त्यांनी संगणक उद्योगाचे काम पाहिलेले. त्यांचा एक नियम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो: वस्तू गावाने निवडायची, सरकारने नव्हे. सरकारने रोख मदत वाटायची नाही. तंत्राचे मार्गदर्शन आणि बाजारपेठ मिळवून द्यायची. ही कल्पना पुढे थायलंडने २००१ साली उचलली आणि आपल्याकडे ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या नावाने ती आपण ऐकतोच.

तैवानची अळंबी, कोरियाचे सिमेंट

तैवानमध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत भाताच्या पेंढ्याचे खत करून त्यावर अळंबी घेण्याचे तंत्र खेड्यांत पोचवले गेले. शेतकऱ्यांच्या झोपडीवजा छपरांतली ही अळंबी डबाबंद होऊन युरोप-अमेरिकेत गेली आणि काही काळ तैवान त्या मालाचा जगातला आघाडीचा निर्यातदार होता. चिप बनवणारी जगप्रसिद्ध कंपनी तिथे निघाली ती १९८७ साली. तोवर माल एकसारखा करणे, प्रत तपासणे, सांगितलेल्या दिवशी पोचवणे ही सवय छोट्या कारखानदारांच्या आणि शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडली होती.

कोरियात १९७० साली सरकारने तेहतीस हजारांवर खेड्यांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट दिले. काय करायचे ते गावाने ठरवायचे, पण काम सगळ्यांच्या उपयोगाचे हवे. पुढच्या वेळी मदत सरसकट मिळाली नाही. ज्या गावांनी पहिले सिमेंट नीट वापरले, त्या साधारण निम्म्या गावांनाच ५०० पोती आणि एक टन लोखंड मिळाले. ते राज्य हुकूमशाहीचे होते आणि त्या मोहिमेत सक्तीही होती, हे विसरता येत नाही. पण ‘आधी करून दाखवा, मग अधिक मागा’ हा हिशेब आपल्या कोणत्याही सोसायटीला कळण्यासारखा आहे.

नानमोकूचा इशारा

इतके वाचून कोणी म्हणेल, चला, आपणही सुरणाची पूड करू. थोडे थांबावे लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे सुरण हा कोन्याकूचा भाऊ असला तरी जुळा भाऊ नव्हे. कोन्याकूच्या कंदात ग्लुकोमॅनन नावाचा तंतुमय पदार्थ भरपूर असतो, त्यानेच वडी घट्ट होते. आपल्या सुरणात मुख्यतः पिष्ट असते. जपानी कृती जशीच्या तशी केली तर हाती फक्त पीठ लागेल. म्हणून वस्तूची नक्कल नको, प्रश्नाची नक्कल हवी: आपल्या कंदाची अडचण कोणती आणि त्याचा गुण कोणता?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जपानात आज ९० टक्क्यांहून अधिक कोन्याकू गुन्मा प्रांतात पिकतो. एके काळी त्यातला बराचसा नानमोकूसारख्या डोंगरी गावांतल्या दगडी बांधांच्या शेतांत पिकत असे. उतारावर पाणी साचत नाही, ते या कंदाला मानवे. पुढे संशोधन केंद्रांनी सपाटीवर चांगल्या येणाऱ्या नव्या जाती काढल्या, औषधे आली, यंत्रे आली. मग पीक डोंगर उतरून मोठ्या, सपाट शेतांत गेले. उद्योग वाढला, पण तो ज्या गावांनी वाढवला होता त्यांच्या हातून निसटला. नानमोकू आज जपानमधल्या सर्वांत वृद्ध गावांत गणले जाते. २०२० च्या जनगणनेत तिथली ६० टक्क्यांहून अधिक माणसे ६५ वर्षांवरची होती. तंत्रज्ञान गावाला तारते तसे ते गावाला वळसा घालूनही जाऊ शकते.

आपल्याला हा धोका नीट कळायला हवा. जोयडा हा क्षेत्रफळाने जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका, पण बहुतेक भाग जंगल, आणि त्यातला मोठा तुकडा काळी व्याघ्र प्रकल्पात. शेतीची जमीन थोडी आणि तुकड्यातुकड्यांची. उद्या मुडलीला शहरात मोठी मागणी आली तर हल्याळ-धारवाडकडच्या सपाट शेतांत ट्रॅक्टरने ती लावायला कितीसा वेळ लागेल?

आपल्यापाशी काय आहे

सपाटीला उचलून नेता येणार नाही असे आपल्यापाशी काय आहे? आमच्या मते एक म्हणजे विविधता. मुडली, सुरण, कोनफळ, करांदे, कणगी, रताळी अशी कितीतरी कंदमुळे आपल्या कुणबी घरांच्या परसात पिढ्यान् पिढ्या टिकली आहेत. मोठे शेत एकच जात लावते. दहा जाती सांभाळणे हे परसाचे आणि बहुधा घरातल्या बायकांचे काम. दुसरे म्हणजे माहिती. कोणता कंद कधी काढायचा, बियाण्यासाठी कोणता भाग ठेवायचा, खाज घालवायला आमसोल कधी आणि चिंच कधी, हे ज्ञान अजून माणसांच्या डोक्यात आहे. तिसरे म्हणजे नाव. थंडीत जोयड्यात कुणबी बांधवांचा कंदमुळांचा मेळा भरू लागल्यापासून बाहेरची माणसे कंदांसाठी म्हणून इकडे येतात. हे नाव जपले तर ते कोणाला सहज उचलता येणार नाही.

अडचणही उघड आहे. सगळा माल दोन-अडीच महिन्यांत निघतो. बहुतेक कंदांत दोन-तृतीयांशाहून अधिक पाणी असते. म्हणजे १०० किलो कंद गाडीत घातले तर त्यातल्या ७० किलो पाण्याचे भाडे आपण भरतो. वाळवले तर २५-३० किलो उरतात आणि ते पावसाळ्यातही विकता येतात. आपल्याकडे कंद निघतात तेव्हा पुढे कोरडे ऊन असते, हा निसर्गाचाच फायदा. रवा लावून तळायच्या फोडी, वाळवलेल्या चकत्या, पीठ, तळलेले काप यांतले काय आपल्या कोणत्या कंदाला शोभते, हे करून पाहूनच कळेल. करून पाहणे म्हणजे अंदाजाने नव्हे: किती किलो घेतले, किती दिवस वाळवले, किती उरले, किती दिवस टिकले, हे वहीत लिहायचे. तोएमोनची हुशारी आणि आपली यांत फरक असेल तर तो या वहीचाच.

मदत मिळण्याच्या जागा आहेत. तिरुवनंतपुरमला केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था १९६३ पासून याच पिकांवर काम करते. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० साली एक योजना सुरू केली. तीत कर्जाशी जोडलेले ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, ठेवले होते आणि स्वसाहाय्य गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद होती. विक्रीची व्यवस्था कशी उभी करायची हे पाहायला तर जपानलाही जायला नको. शिरसीत सुपारी बागायतदारांनी १९२३ साली आपली विक्री सोसायटी काढली, ती शंभर वर्षे ओलांडून चालू आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांनी हे करून दाखवले आहे.

पण अनुदान ही तिसरी पायरी. पहिल्या दोन आपल्या आपणच चढायच्या आहेत. म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या घरातल्या, वाड्यातल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजी-आईंना विचारा: तुमच्या परसात कोणकोणते कंद होते, त्यांची नावे काय, त्यांतले कोणते आता दिसत नाहीत, आणि पूर्वी कोणी कंद वाळवून ठेवत असे का, कसे? जोयड्याकडचे, कुंभारवाड्याकडचे, डिग्गीकडचे, रामनगरकडचे शब्द वेगळे असतील. जसे सांगतील तसेच लिहा आणि मंडळाकडे पाठवा. गोव्यात-बेळगावात नोकरीला असलेल्या मुलांनी शिमग्याला घरी आल्यावर हे काम केले तरी पुष्कळ होईल. यंत्राची, हिशेबाची, पॅकिंगची माहिती त्यांच्यापाशी आहे. कंदाची माहिती घरात आहे. दोन्ही एका वहीत आल्या तर पुढचे पाऊल आपल्याला आपणच सुचेल.